सासूच्या हातचे बांगडे

जेवण आटोपून पुंडलिक ओटीवर पान जुळवत बसला होता. मी आत परात घासत होते. तेवढ्यात सासूबाईंची किंकाळी आली आणि परात टाकून मी बाहेर धावले.

माझ्या नवऱ्याचं तोंड कपाळापासून गळ्यापर्यंत लालभडक झालं होतं. कुणी मूठभर गुलाल फासावा तसं. डोळे तांबारलेले, छाती धपापत होती. तो दोन्ही हातांनी मान खाजवत होता आणि खाजवेल तिथे बोटाएवढ्या गांधी उठत होत्या.

"डोक्यात घण पडतत," एवढंच तो म्हणाला आणि ओटीवरून खाली भडाभडा ओकला.

शेजारी त्याचा थोरला भाऊ वासुदेव आणि आमच्या होडीवरचे तीन खलाशी बसले होते. सगळ्यांनी एकाच टोपातलं बांगड्याचं तिखलं खाल्लं होतं. चौघेही धडधाकट. बाबल खलाशाच्या तोंडात तर अजून सुपारी होती.

"ह्येका काय झाला?" बाबल म्हणाला. "आमीय ताच खाल्ला मा?"

वासुदेव माझ्याकडे बघायला लागला. मग एकेक करून बाकीचेही बघायला लागले.

ते का बघतायत हे मला लगेच कळलं. जेवताना त्या सगळ्यांच्या देखत मीच तोंड सोडलं होतं. महिनाभर पुंडलिक बांगड्याला शिवत नव्हता. दर्यावर जगणाऱ्या गाबिताच्या पोटी जन्मलेला माणूस, होडी चालवणारा तांडेल, आणि ताटातला बांगडा बाजूला सारून नुसता कढीभात खायचा. दिवाळीपासून त्याने आपलं अंथरूणही ओटीवर नेलं होतं. लग्नाला सहा वर्षं झालेली, पदरात मूल नाही, सासूबाई उठताबसता दुसरी करण्याचं बोलत होत्या. मी काय समजायचं ते समजले होते. त्या दुपारी त्याने पुन्हा बांगडा सारला तेव्हा माझं डोकं सटकलं.

"माझ्या हातचा गोड लागत नाय तर दुसरी हाडा घरात," मी वाढता वाढता म्हटलं. "तिच्या हातचा खावा."

खलाशी खो खो हसले. पुंडलिकाने मान खाली घातली आणि बांगडा उचलला. एक संपवला, दुसरा मागून घेतला. मला वाटलं, जिंकले.

आणि आता तो ओकत होता.

"तूच खावक लावलंस तेका," वासुदेव उठून उभा राहिला. "काय घातलंस गो?"

"काय घालतलंय? तिरफळा, मिरसांगो आणि मीठ!"

थोबाडीत बसली. मी दाराच्या चौकटीवर आपटले. वासुदेवाचा हात नेहमी तोंडाच्या आधी चालायचा, पण माझ्यावर तोवर कधी चालला नव्हता. सासूबाई पुंडलिकाला धरून आत घेऊन गेल्या. त्याला लघवीला लागली होती आणि उभं राहवत नव्हतं, म्हणून त्यांनी त्याला एक जुना डबा दिला.

तो डबा घेऊनच त्या बाहेर आल्या. डब्यातलं पाणी हिंदकळत होतं. ते पाणी लाल होतं.

"रगात!" त्या ओरडल्या. "आतडी तुटली माझ्या झिलाची! इख घातला हिना, इख!"

वासुदेवाने माझा अंबाडा मुठीत धरला आणि मला खळ्यात ओढलं. मी पायऱ्यांवरून घसपटत गेले. खळं म्हणजे आमचं घरापुढचं सारवलेलं अंगण, आणि त्याला लागून सगळ्यांची घरं. बघता बघता माणसं जमली. बायका पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. त्यातल्या निम्म्यांच्या घरी मी अडीअडचणीला धावून गेले होते. एक पुढे आली नाही.

आमच्या पडवीच्या भिंतीला पाकट माशाची वाळवलेली शेपटी टांगलेली असे. बारीक काट्यांची, वेताहून चिवट. भूत काढायला वापरत, आणि पोरांना धाक दाखवायला. वासुदेवाने ती काढली.

"सांग, काय घातलंस?"

"काय घालूक नाय!"

पहिला फटका बसला तेव्हा कळ आलीच नाही. पाठीवर कुणी गरम पाणी ओतलं असं वाटलं. दुसऱ्याला चोळी फाटली. तिसऱ्याला मी गुरासारखी ओरडले. काटे आत जात आणि शेपटी मागे खेचली की मांस घेऊन बाहेर येत. मी सरपटत ओटीकडे निघाले. पुंडलिकाला ओटीवर आणून निजवलं होतं. त्याचे डोळे उघडे होते. माझी आणि त्याची नजरानजर झाली, अगदी नीट झाली.

"अवो, सांगा ह्येंका," मी म्हटलं. "मी कशाक इख घालतलंय? सांगा!"

त्याने तोंड भिंतीकडे वळवलं.

त्यानंतर मला कसलीच भीती राहिली नाही. मी उठले ती थेट चुलीकडे धावले. आडाळा, म्हणजे आमची विळी, तिथेच पडला होता, सकाळी मासे कापलेला, अजून खवल्यांनी माखलेला. तो दोन्ही हातांनी उचलून मी बाहेर आले आणि शेपटी उगारलेल्या हातावर पात्याकडून हाणला. वासुदेवाच्या मनगटापासून कोपरापर्यंत कातडी उसवली. रक्ताची चिळकांडी माझ्या तोंडावर आली. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

"ये!" मी म्हटलं. "आता ये पुढे!"

बाबलने मागून माझ्या गुडघ्यात लाथ घातली. मी पडले, आडाळा सुटला आणि मग तिघाचौघांनी मिळून लाथा घातल्या. पोटात, कमरेत, जिथे लागेल तिथे. नंतर मला सुंबाने माडाला बांधलं. सुंब ओल्या जखमांवर आवळलं तेव्हा मात्र मी शुद्धीवर नव्हते.

जाग आली तेव्हा दाजी मेतर समोर उभा होता. दाजी म्हणजे वाडीचा मानकरी. भांडणतंटा त्याच्या शब्दावर मिटायचा. उन्हं कलली होती आणि नवल म्हणजे पुंडलिक ओटीवर उठून बसला होता. तोंडाची लाली उतरली होती, गांधी बसल्या होत्या. नुसता थकलेला दिसत होता. सासूबाई त्याला पेज भरवत होत्या.

"पुंडल्या," दाजीने विचारलं, "बायल तुझी. तूच सांग. हिना घातला काय तुझ्या जेवणात?"

तो 'नाय' म्हणाला असता तर माझी दोरी तिथेच सुटली असती. एवढा एकच शब्द हवा होता मला.

पुंडलिकाने वाटीत बघितलं.

"माका ठावक नाय," तो म्हणाला.

शेपटीचे फटके भरून आले. ते तीन शब्द अजून ओले आहेत.

दाजीने मान हलवली. "मगे उद्या पोलिसांका बोलवया. डब्यातला रगात दाखवया. जल्मठेप तरी होतलीच."

"पोलीस कित्याक?" मी माडाला बांधलेली असतानाच ओरडले. घसा फुटून आवाज घोगरा झाला होता. "चूल हयसर आसा! उद्या माका हयसरच बांधून ठेवा. आये रांदांदे. मासे वासुदेवान हाडांदे. तिखला, मीठ सगळा शेजारणीकडला. एका टोपातला सगळ्यांनी खावा. ह्ये पडले नाय तर माका पोलिसांका नको, समुद्रात द्या!"

"आणि पडलो तर?" गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

"पडले तर माझ्या अंगाक हात लावणाऱ्यान माझे पाय धरूक व्हये."

लोकांना गंमत वाटली. खेळ बघायला कुणाला नको असतो? सासूबाई तेवढ्या "नको नको" करत राहिल्या. "एकदा वाचलो माझो झील, परत कशाक?" पण दाजीला ते पटलं. बांगड्यानेच झालं असतं तर सगळेच पडले असते, तेव्हा ही बाई उद्या आपल्याच तोंडाने खोटी पडणार, असा त्याचा हिशेब. मलाही तो पडेल असं थोडंच वाटत होतं? मला फक्त दिवस ढकलायचा होता. मी खोटं बोलत नव्हते एवढंच मला ठाऊक होतं, आणि खरं असलं म्हणजे देव काहीतरी करील असं तेव्हा वाटायचं.

मला जाळ्यांच्या खोपीत कोंडून घातलं. सकाळी कुणी पाणीसुद्धा दिलं नाही.

दुपारी मला परत माडाला बांधलं, तोंड ओटीकडे करून. वासुदेवाने हाताला फडकं गुंडाळलं होतं, त्यातून लाल पाझरत होतं. दुसऱ्या हातात शेपटी होतीच. मासे त्यानेच आणले होते, वाळूवर ओतलेल्या राशीतून उचलून. सासूबाईंनी माझ्या चुलीवर रांधलं आणि सगळ्यांच्या देखत टोप ओटीवर आणला. दाजी बसला, वासुदेव बसला, बाबल आणि दोघे खलाशी बसले. मध्ये पुंडलिक.

सासूबाई त्याच्या ताटापाशी येऊन घुटमळल्या. "बाबा, तू नको खाव. कढी वाढतंय. लोकांका काय बोलूचा ता बोलूंदे."

"वाढ," पुंडलिक म्हणाला.

"एक घास खा नि उठ."

"वाढ म्हटला मा!"

तो खायला लागला. एक बांगडा खाल्ला, दुसरा खाल्ला. घाईघाईने, नीट न चावता, भाताविना. तिसरा मागितला. चौथा सासूबाई देईनात तर टोपात हात घालून स्वतः घेतला. पाचवा खाताना त्याने माझ्याकडे बघितलं. बघत बघतच खाल्ला.

आणि मी माडाला बांधलेली मनात काय म्हणत होते? महिनाभर माझ्या हातचा बांगडा ह्याच्या घशाखाली उतरत नव्हता. आता आईच्या हातचे पाच उतरतायत. माझ्या पाठीची सालटी निघालीत आणि हा मिटक्या मारतोय. त्या क्षणी माझे हात मोकळे असते तर मी त्याला खरंच विष घातलं असतं. मला त्याचा इतका द्वेष कधी वाटला नव्हता, पुढेही वाटला नाही.

जेवणं झाली. पानं जुळली. वासुदेव उठला, शेपटी घेऊन पायऱ्या उतरला आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"आता बोल गो, रांडे," तो म्हणाला. "काय झाला माझ्या भावाक?"

त्याच्या खांद्यावरून मला ओटी दिसत होती. पुंडलिकाचे कान लाल झाले होते.

मग गळा लाल झाला, मग तोंड. काल गुलाल होता, आज शेंदूर. ओठ सुजले, पापण्या सुजून डोळे मिटले. तो उभा राहायला गेला आणि खांबाला धडकला. कपाळ फुटलं. श्वास घेताना त्याच्या छातीतून शीळ वाजल्यासारखा आवाज येत होता. तो पायऱ्यांवरून गडगडत खाली आला तो थेट वासुदेवाच्या पायाशी. तिथे दोन झटके दिले आणि निपचित पडला.

वासुदेवाने भावाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मी बांधलेली होते, टोपाला माझी सावलीसुद्धा लागली नव्हती. मग तो हळूहळू वळला आणि त्याने ओटीवर बघितलं. तिथे हातात पळी घेऊन त्याची आई उभी होती. वासुदेवाच्या हातातली शेपटी वर उचलली गेली होती. ती कुणावर उचललीय हे त्याचं त्यालाच कळलं आणि त्याने ती फेकून दिली.

"मी नाय रे!" सासूबाई छाती बडवत किंचाळल्या. "माझोच झील तो! मी कशी घालीन?"

"सोडा माका!" मी ओरडले. "ह्यो मरता हयसर, आणि तुमी बघतास काय? टेंपो हाडा!"

दोरी दाजीने स्वतः कापली. बर्फाचा टेंपो उभा होता, त्यात पुंडलिकाला घातला. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. का घेतलं ते मला विचारू नका. त्याची मान लुळी पडली होती आणि मी त्याच्या गालांवर चापट्या मारत होते, शिव्या देत होते. "मर नको हां, मर नको मेल्या. माका उत्तर देवचा आसा तुका." बाबल आणि दोघे खलाशीही चढले. वासुदेव समोर बसला होता. त्याने माझ्या पाठीवर टाकायला आपला टॉवेल पुढे केला. मी तो गाडीबाहेर भिरकावला.

तालुक्याच्या दवाखान्यात तरुण डॉक्टर होता. त्याने पटापटा दोन इंजेक्शनं दिली, सलाईन लावलं, नाकाला नळी लावली. आम्हाला बाहेर काढलं. संध्याकाळच्या सुमाराला त्याने मला एकटीलाच आत बोलावलं. त्याच्या टेबलावर पुंडलिकाची कमरेची कापडी पिशवी होती. ती उलटी करून त्याने आतल्या गोळ्यांच्या पट्ट्या माझ्यापुढे सरकवल्या.

"ह्या कसल्या गोळ्या, ठाऊक आहे तुम्हाला?"

"माका ठावक नाय," मी म्हटलं. आणि ते खरंच होतं.

डॉक्टर खुर्ची पुढे सरकवून सावकाश बोलला. "बाई, तुमच्या यजमानांना क्षय आहे. ह्या त्याच्या गोळ्या. कोल्हापूरला जाऊन दिवाळीपासून घेतायत. ह्यातल्या एका गोळीने लघवी लाल होते. ते रक्त नव्हे, औषधाचा रंग. दुसरी एक गोळी अशी आहे की ती चालू असताना बांगडा, गेदर असले मासे खाल्ले तर काहींना विषासारखे चढतात. बाकीच्यांना काही होत नाही, ह्यांचाच जीव जाऊ शकतो."

"ह्येंका ठावक होता ता?"

"कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. बांगड्याला शिवू नका म्हणून. मघाशी मी विचारलं तर स्वतःच म्हणाले. मी म्हटलं, ठाऊक होतं तर पाच कशाला खाल्ले? त्यावर काही बोलले नाहीत."

मी उठले. भिंत धरून त्याच्या खाटेपर्यंत गेले. सूज उतरायला लागली होती. डोळे किलकिले करून त्याने मला ओळखलं आणि चक्क हसला.

"सुटलंस मा?" तो म्हणाला. "आता कोण काय बोलूचो नाय तुका."

मी सगळा जोर काढून त्याच्या मुस्काटात मारली.

सलाईनची बाटली हिंदकळली. नर्स धावत आली. मी तिला म्हटलं, "बाय, नवरा-बायकोचा आसा, तू जा." ती का कोण जाणे, गेली.

सहा वर्षं मी त्याला अहोजाहो करत होते. टेंपोत ते सुटलं, इथे कायमचं संपलं.

"काल का बोललंस नाय?" मी विचारलं. "मी मार खाय होतंय, तू आयकी होतंस. एक शब्द का बोललंस नाय?"

"बापाशीक ह्योच रोग होतो," तो म्हणाला. "तुका ठावक नाय, लग्नाआधीची गोष्ट, तुका कोणी सांगूक नाय. माडात खोपी बांधून थय ठेवलेलो. आये लांबसून पेज सरकवी. खलाशी एकेक करून गेले. होडीवर पाण्याचा एकच पिंप, जेवणाची एकच परात. कोण येतलो? होडी वाळूर कुसली. माझीय तशीच कुसली असती. म्हणान लांब निजा होतंय. तुका लागात म्हणान."

इतके दिवस मी काय काय समजत होते. ऐकूनही राग काही उतरला नाही.

"आणि आज?"

"आज तुका माडाक बांधलेला बघूक नाय झाला. म्हणान तर खाल्लंय. मेलंय असतंय तरी चलला असता. तू सुटलंस असतंस."

"मरूक तयार होतंस," मी म्हटलं. "बोलूक नाय."

त्याने डोळे मिटून घेतले.

मी त्याच्याकडे पाठ केली, पदर खांद्यावरून काढला आणि फाटलेली चोळी त्याच्यासमोर तशीच उघडी ठेवली. ओटीवर त्याने भिंतीकडे तोंड केलं होतं. पाठ त्याने पाहिलीच नव्हती. माझ्यामागे तो एकदा हुंदक्यासारखा काहीतरी बोलला, कळलं नाही. मी वळले नाही, आणि पदरही ओढला नाही.

"वासू!"

हाक इतकी मोठी आली की मी दचकले. भर दर्यात जाळं ओढताना तो तशी हाक देत असे. मी पदर घेतला. वासुदेव आणि बाबल व्हरांड्यातून आत धावले. वासुदेव आला तो थेट खाटेजवळ, भावाच्या पायाशी असलेला लोखंडी दांडा धरून उभा राहिला. नुसता "पुंडल्या, पुंडल्या" करत होता.

"आयक," पुंडलिक म्हणाला. "आनंदीन माका काय घालूक नाय. कालय नाय, आजय नाय. माका ता कालच ठावक होता, तुझ्या हातात शेपटी होती तेवाच."

"मगे काय झाला होता?"

"माका क्षय आसा. बापाशीक होतो तोच."

वासुदेवाने दांड्यावरचा हात उचलला. लुंगीला पुसला. एक पाऊल मागे गेला, मग आणखी एक, असं करत दाराला जाऊन टेकला. बाबल तोवर टॉवेलने तोंड झाकून व्हरांडा उतरला होता. बाहेर त्याचा आवाज ऐकू आला, तो बाकीच्या दोघांना सांगत होता. मग टेंपो सुरू झाल्याचा आवाज आला.

पुंडलिक माझ्याकडे बघत होता. आता तूही जा, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं असावं, पण मी ते बोलू दिलं नाही. स्टूल ओढलं आणि खाटेला लागून बसले. पाठ भिंतीला टेकवता येत नव्हती, म्हणून ताठ बसले.